विजापूरची वाट पन्हाळ्यावरून

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की आमच्या कळंब्याच्या घरात एकच विषय सुरू होतो. जायचं कुठं? गणपतीपुळे झाले, महाबळेश्वर झाले, गोवा तर दोनदा झाला. या वेळी मी विजापूरचे नाव काढले. सूनबाई म्हणाल्या, "अब्बा, तिथं गोल घुमट सोडून दुसरं काय आहे?" आणि चौथीतला नातू म्हणाला, "आजोबा, तिथं अफझलखान राहायचा ना?"

सूनबाईंच्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे होते. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन दिवसांची सहल लागेल, हे माझ्या लगेच ध्यानात आले. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. प्रतापगडाचा धडा सुरू झाला की वर्गातली दोन-चार पोरे मागे वळून याच्याकडे बघतात. त्यात पोरांचा काही दोष नाही. मीही तोच धडा शिकलो, महाराजांच्या नावाने माझीही छाती फुगली, आणि माझ्याकडेही कुणीतरी वळून बघितले होतेच. अशा पोराला विजापूर प्रत्यक्ष दाखवावे. पाठ्यपुस्तकात न मावलेले पुष्कळ तिथे उघड्यावर उभे आहे.

म्हणून आधी सहलीचा बेत सांगतो. कोल्हापूर ते विजापूर अंतर सुमारे १८० किलोमीटर. मिरज, कागवाड, अथणी, तिकोटा असा रस्ता. वाटेतल्या चहापाण्यासकट चार-पाच तास धरावेत. पहाटे सहाला निघाले की अकराच्या आत पोचता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. उन्हाळ्यात तिथला दगड दुपारी पायाला चटके देतो. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून विजयपूर झाले आहे, तेव्हा रस्त्यावरच्या पाट्यांवर तेच शोधावे.

आपण पश्चिमेकडून शहरात शिरतो, म्हणून पहिल्या दिवशी पश्चिमेकडची ठिकाणे घ्यावीत. बहुतेक लोक गाडीतून उतरून थेट गोल घुमटाकडे धावतात. माझे म्हणणे, सुरुवात पाण्यापासून करा. आम्ही कळंब्याचे लोक. आमच्या तलावाचे पाणी कोल्हापूर शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले आहे. शहर आधी पाण्यावर उभे राहते, घुमट मागून येतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मक्का दरवाजाजवळ ताज बावडी आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याने आपली बेगम ताज सुलताना हिच्या नावाने १६२० साली ती बांधवली. भव्य कमान, दोन्ही अंगांना बुरूज आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव आहे, तो १६५१ चा. तिथून मातीचे नळ जमिनीखालून शहरात आणले होते. पाण्याचा जोर नळांना फोडू नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी चौकोनी मनोरे उभारले. पाणी मनोऱ्यात चढायचे, तिथे जोर मोडायचा, गाळ खाली बसायचा आणि पाणी पुढे जायचे. असे काही मनोरे अजून उभे आहेत.

आता गंमत ऐका. या पाण्याच्या कामाशी त्या काळच्या शिलालेखात ज्या सरदाराचे नाव जोडलेले आहे, तो अफझलखान. प्रतापगडावर १६५९ साली जे घडले ते घडलेच; त्यातले एक अक्षर बदलायचे कारण नाही. पण त्याच माणसाने आठ वर्षांपूर्वी गावाला पाणी आणले होते, हेही नातवाला कळावे. शत्रू हा राक्षस नसतो, माणूस असतो. माणसाला हरवणे हे राक्षसाला मारण्यापेक्षा अवघड. महाराजांचा पराक्रम त्याने वाढतो, कमी होत नाही.

तिथून जवळच इब्राहिम रोझा. ही इमारत राजाने आपल्या राणीसाठी सुरू केली, पण १६२७ साली आधी तोच गेला. मलिक संदल नावाच्या स्थपतीने ती उभारली. तिच्या खिडक्या जरूर बघा. दगड कोरून अक्षरांचीच जाळी केली आहे. उजेड आत येतो तो अक्षरांमधून. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसाला तिथून हलावेसे वाटत नाही. हा इब्राहिम स्वतः गाणी रचायचा. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा दखनीतला ग्रंथ. त्यात सरस्वतीचे आणि गणपतीचेही स्तवन आहे. लोक त्याला जगद्‌गुरू म्हणत.

मग तटावर जावे, मलिक-ए-मैदान तोफ बघायला. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती, अशी तिची घडण आहे. निजामशाहीची ही तोफ परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला आणली, ती १६३२ साली, मुरार जगदेव या आदिलशाहीतल्या ब्राह्मण मुत्सद्द्याने. पुढे १८५४ साली इंग्रजी अमलात ती भंगार म्हणून विकायला काढली, तर बोली आली १५० रुपयांची. एवढ्यात काय विकायचे म्हणून ती राहिली. पोरांना ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

संध्याकाळी बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाची ही अपुरी कबर. वर छत नाही, नुसत्या काळ्या कमानी. अफझलखानाला प्रतापगडाकडे आणि सिद्दी जौहरला पन्हाळ्याकडे धाडले ते याच्याच अमदानीत. चौथीच्या पुस्तकातला आदिलशहा तो हा. गादीवर आला तेव्हा जेमतेम अठराएक वर्षांचा होता आणि १६७२ साली गेला. नुसरती हा त्याचा दरबारी कवी. त्याने 'अलीनामा' हे काव्य दखनीत लिहिले. ज्या लढाया आपण पोवाड्यातून ऐकतो, त्या त्याने समोरच्या बाजूने पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी गोल घुमट. शाळांच्या सहली यायच्या आत वर पोचले, तरच आवाजाची करामत नीट ऐकू येते. मुहंमद आदिलशहाची (राज्यकाळ १६२७ ते १६५६) ही कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट आणि खाली एकही खांब नाही. हे कसे जमले, ते पोरांना जमिनीवर काडीने काढून दाखवावे. एक चौकोन काढा. त्यावर दुसरा चौकोन तिरका ठेवा. आठ टोकांची चांदणी होते आणि मध्ये अष्टकोन उरतो. कमानी अशाच एकमेकींना छेदत वर गेल्या आहेत आणि त्यांनी घुमटाचे ओझे पेलले आहे. वर जायचे जिने कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यांत आहेत, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली बागेत बसावे किंवा समोरच्या नगारखान्यातले संग्रहालय बघावे.

तिथून जामा मशीद, पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली, आणि मग गगन महाल. गगन महाल १५६१ चा, पण त्याच्याशी १६८६ ही तारीख जोडलेली आहे. औरंगजेबाच्या फौजांनी सव्वा वर्षाहून अधिक काळ विजापूरला वेढा घातला. शेवटचा आदिलशहा सिकंदर शरण आला, कैदेत गेला आणि कैदेतच १७०० साली वारला. त्या वेढ्याच्या काळात विजापूरला मदतीची फौज कुणी पाठवली? छत्रपती संभाजी महाराजांनी. वडिलांनी ज्या आदिलशाहीशी आयुष्यभर झुंज दिली, तिला मुलाने शेवटच्या संकटात हात दिला. वेढा घालणाराही मुसलमान आणि वेढ्यात सापडलेलाही मुसलमान. राजकारणाचे हिशेब धर्माच्या वहीत मांडता येत नाहीत, हे गगन महालासमोर उभे राहून सांगितले की लहान पोरालाही समजते.

हिशेबाच्या वहीवरून आठवले. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) राज्याचे हिशेबाचे दफ्तर फारसीतून देशी भाषेत आणले आणि ते ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले, असे फेरिश्ता लिहून गेला आहे. आदिलशाहीचे फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतले कागद आजही सापडतात. शहाजीराजे १६३६ च्या तहानंतर याच दरबारचे सरदार झाले. इंग्रजांनी १८१८ नंतर हा मुलूख सातारच्या छत्रपतींकडे दिला होता आणि १९५६ पर्यंत हा जिल्हा आपल्याच मुंबई राज्यात होता. हे परक्यांचे गाव कसे म्हणायचे? माझ्या मराठीत दफ्तर, जमीन, हवालदार हे शब्द आहेत, ते कुणी बाहेरून आणून टाकलेले नाहीत. अशाच शहरांच्या कचेऱ्यांत ते मराठी झाले.

परतीच्या वाटेवर पश्चिमेला थोडी वाकडी वाट करून अफझलखानाने स्वतःसाठी बांधायला घेतलेली कबर बघता येते. ती रिकामी आहे. तो प्रतापगडाच्या पायथ्याशी पुरला गेला, आणि त्याला तिथे रीतसर मूठमाती मिळाली. जवळच साठेक कबरी रांगेने आहेत. त्या त्याच्या बायकांच्या, अशी लोककथा आहे. कथा म्हणून ऐकावी, पोरांनाही कथा म्हणूनच सांगावी.

एवढे झाले म्हणजे सहल संपली असे मात्र समजू नका. पुढच्या रविवारी सकाळी शिदोरी बांधून पन्हाळ्याला जायचे. कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर. आपण नेहमी जातो, झुणका-भाकर खातो आणि परत येतो. या वेळी तीन दरवाजाशी थांबा. तिथे आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आहे. म्हणजे जो गड आपण महाराजांचा म्हणतो, त्याचा हा दरवाजा विजापूरकरांनी बांधलेला. इथेच मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि जुलैच्या पावसात महाराज निसटले. घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. विजापूर बघून आलेल्या पोराला हा वेढा दोन्ही बाजूंनी दिसेल. कोण कुठून आले, कुणाचे गाव मागे राहिले होते, त्या गावात पाणी कुठून येत होते, हे त्याला ठाऊक असेल. मग वर्गात कुणी वळून बघितले तर तो मान खाली घालणार नाही. उठून आणखी चार गोष्टी सांगेल, आणि बघणारी पोरे ऐकत बसतील.