सेल्व्हेज व कोरे डेनिम

धोट्याच्या मागावर विणलेले, दोन्ही कडांना पक्का काठ असलेले डेनिम म्हणजे सेल्व्हेज. विणल्यानंतर न धुतलेले ते कोरे. एकाच कापडात दोन्ही गुण असू शकतात, पण दोन्ही एक नव्हेत.

वीण तिरपी असते: उभा धागा निळीत रंगवलेला, आडवा पांढरा. धोटा आडवा धागा न तोडता फिरवतो म्हणून काठ उसवत नाही. पन्हा मात्र सुमारे 75 सेंमी. नीळ सुताच्या गाभ्यात शिरत नाही. वापराने वरचा थर झिजतो आणि गुडघ्यांवर, खिशांवर फिक्या खुणा उमटतात. या कापडाचे खरे सौंदर्य तेच. अमेरिकेतील कोन मिल्सचा व्हाइट ओक कारखाना 2017 अखेर बंद झाला; जपानमधील कोजिमा डेनिमसाठी आजही नावाजलेले आहे.

 

कोऱ्या डेनिमला सहा महिने पाणी लावू नये, हा प्रचलित सल्ला गोव्यातील पेडणे-डिचोलीच्या पावसाळ्यात निरुपयोगी ठरतो. कोऱ्या कापडातील खळ, घाम आणि दमट हवा यांमुळे बुरशी धरते. उलटे करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावे. वारा लागेल अशा सावलीत, पूर्ण वाळेपर्यंत टांगावे, मगच कपाटात ठेवावे. आकसू नये म्हणून आधी प्रक्रिया न केलेले कापड पहिल्या धुण्यात 10 टक्क्यांपर्यंत आटू शकते. शिवण्यापूर्वी ते भिजवून घ्यावे.