योगाभ्यासाचा पोशाख

योगाभ्यासाचा पोशाख म्हणजे आसने, प्राणायाम व ध्यान यांचा अभ्यास करताना परिधान केले जाणारे कपडे होत. पतंजलीची योगसूत्रे किंवा हठप्रदीपिका या ग्रंथांत अभ्यासासाठी कोणताही ठराविक गणवेश सांगितलेला नाही. त्यामुळे पोशाखाची निवड हालचालीतील मोकळीक, श्वसनातील सुलभता, हवामान, अभ्यासाचा प्रकार आणि साधकाची सोय यांनुसार केली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाच्या आसनासाठी कुश, मृगाजिन व वस्त्र यांचे थर सांगितले आहेत. साधकाच्या पोशाखाचा मात्र तेथे उल्लेख नाही. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेच्या पहिल्या उपदेशात, केवळ वेष धारण केल्याने सिद्धी मिळत नाही, प्रत्यक्ष अभ्यास हेच सिद्धीचे कारण आहे, असे प्रतिपादन आढळते. हठयोगी साधूंमध्ये कौपीन किंवा लंगोट रूढ होता.

विसाव्या शतकात योग मठ-आश्रमांबाहेर पडून सर्वसामान्य गृहस्थांपर्यंत पोहोचला. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत 'द योगा इन्स्टिट्यूट'ची, तर स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली. स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध असे सर्वजण वर्गात येऊ लागल्यावर लंगोटाऐवजी सर्वांना संकोच न वाटता वापरता येतील अशा कपड्यांची गरज निर्माण झाली.

बी.के.एस. अय्यंगार यांच्या १९६६ मध्ये प्रकाशित झालेल्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथातील छायाचित्रांत ते आखूड चड्डीत दिसतात. अय्यंगार पद्धतीत गुडघे, मांड्या व घोटे यांच्या स्थितीकडे विशेष लक्ष दिले जाते. म्हणून या पद्धतीत मांडीपाशी इलॅस्टिक असलेली फुगीर आखूड चड्डी प्रचलित झाली. अय्यंगार यांची संस्था पुण्यात असल्याने परदेशांत ती 'पुणे शॉर्ट्स' या नावाने ओळखली जाते.

कापडाची निवड

सुती कापड घाम शोषून घेते, त्वचेला मऊ लागते आणि उष्ण हवामानात सोयीचे ठरते. मात्र घामाने भिजल्यावर ते जड होते व लवकर वाळत नाही. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये स्पँडेक्स हा ताणला जाणारा धागा मिसळून केलेले कापड शरीरालगत राहते व लवकर वाळते. परंतु त्यात घामाचा वास टिकून राहू शकतो आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. स्पँडेक्सचा शोध १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत लागला. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी (२१ जून) तयार केलेल्या सामान्य योग अभ्यासक्रमात हलके व आरामदायी सुती कपडे वापरण्याची सूचना आहे.

अभ्यासाच्या प्रकारानुसार निवड

* उलट्या स्थितीतील आसने: सर्वांगासन, शीर्षासन किंवा अधोमुख श्वानासनात सैल सदरा घसरून तोंडावर येतो. त्यामुळे सदरा आत खोचला जातो किंवा अंगाबरोबर बसणारा वापरला जातो.
* बैठी व पुढे वाकण्याची आसने: पद्मासन, पश्चिमोत्तानासन यांत कंबर, मांड्या व गुडघ्यांपाशी कापड ताणले जाऊ नये. जाड जीन्स या कारणाने गैरसोयीची ठरते.
* प्राणायाम: कमरेची घट्ट नाडी, पट्टा किंवा आवळलेले कपडे पोटाच्या व बरगड्यांच्या हालचालीस अडथळा आणतात. कपालभातीत हा अडथळा विशेष जाणवतो.
* शवासन व ध्यान: शरीर स्थिर असताना थंडी जाणवू शकते. त्यासाठी शाल, चादर किंवा मोजे जवळ ठेवतात.
* उष्ण खोलीतील योग: बिक्रम योगात खोलीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस ठेवले जाते. तेथे कमी व लवकर वाळणारे कपडे वापरले जातात.

काही परंपरांत पोशाखाला प्रतीकात्मक अर्थ असतो. योगी भजन यांच्या कुंडलिनी योगाच्या परंपरेत पांढरे कपडे घालण्याची व डोके झाकण्याची प्रथा आहे.

सुरक्षितता

आसने सामान्यतः अनवाणी केली जातात. अनवाणी पायाची जमिनीवर पकड राहते, तर साध्या मोज्यांमुळे गुळगुळीत फरशीवर किंवा मॅटवर पाय घसरण्याचा धोका असतो. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनी अनवाणी अभ्यास करण्यापूर्वी जमीन तपासणे व नंतर पायांना जखम झाली आहे का ते पाहणे इष्ट असते. लांब ओढणी, जमिनीवर लोळणारा पायघोळ पायजमा, गळ्यातील साखळी, कडे किंवा घड्याळ हातापायांत अडकू शकते किंवा रुतू शकते. गर्भवती स्त्रियांनी पोटावर दाब येणार नाही असे कपडे निवडावेत.

साडी किंवा सलवार-कमीझ वापरणाऱ्या स्त्रियांना त्याच पोशाखात बसून करावयाची अनेक आसने व प्राणायाम करता येतात. काष्टा घातलेल्या नऊवारी साडीत पाय स्वतंत्रपणे हलवता येतात. उभ्या व उलट्या आसनांसाठी मात्र पायजमा अधिक सुरक्षित ठरतो.

व्यापारीकरण

कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लुलुलेमन कंपनीमुळे योगासाठीचे खास कपडे ही स्वतंत्र बाजारपेठ ठळक झाली. शरीराला चिकटून बसणारी 'योगा पँट' पुढे योगवर्गाबाहेर दैनंदिन पेहराव म्हणूनही वापरली जाऊ लागली. महागडे कपडे आणि जाहिरातींतील विशिष्ट शरीरयष्टी यांमुळे, योग हा ठराविक वर्गापुरताच असल्याचा समज पसरतो, अशी टीका या व्यापारीकरणावर केली जाते. प्रत्यक्षात योगाभ्यासासाठी खास कपडे विकत घेणे आवश्यक नाही. घरातील स्वच्छ, सैलसर व न अडकणारे कपडे पुरेसे असतात.