न संपणाऱ्या खाणी

खाण कधी ना कधी संपते, हा पृथ्वीचा नियम आहे. स्वीडनमधील फालुनची तांब्याची खाण सुमारे हजार वर्षे चालली आणि 1992 साली बंद पडली. आपल्याकडील कोलारच्या सोन्याच्या खाणी जमिनीखाली तीन किलोमीटरांहून खोल गेल्या होत्या. त्यांतील काम 2001 साली थांबले. परंतु गेल्या काही दशकांत मनुष्याने अशाही खाणी निर्माण केल्या आहेत, की ज्यांत कोट्यवधी लोक रात्रंदिवस खणत असूनही धातूचा कणभर तुटवडा पडलेला नाही. या खाणी आहेत संगणकाच्या पडद्यावरील खेळांच्या. ज्या घरी दहाबारा वर्षांचे मूल आहे, त्या घरी 'हिरा सापडला!' ही आरोळी एव्हाना परिचयाची झालेली असेल. ही आरोळी पोरकट समजून सोडून देण्याजोगी नाही. तिच्यामागे एक लहानसा पण मोठा उद्बोधक इतिहास आहे.

काल्पनिक जग निर्माण करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो हा, की या जगाच्या पोटात किती धातू घालावा? विधात्याला हा प्रश्न पडला होता की नाही, कोण जाणे. परंतु अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीला तो पडला. रिचर्ड गॅरियट यांच्या या कंपनीने सप्टेंबर 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाईन' नावाचा खेळ सुरू केला. हजारो लोकांनी आपापल्या घरी बसून एकाच जगात वावरावे, अशी ही योजना. त्यात कोणी शिंपी होई, कोणी लोहार, तर कोणी टिकाव घेऊन डोंगराकडे जाई, खनिज काढी, भट्टीत वितळवून त्याच्या लगडी करी आणि लोहाराला विकी.

आरंभी रचनाकारांनी निसर्गाचेच अनुकरण करावयाचे ठरविले होते. जगातील एकूण द्रव्य ठरावीक. जुनी वस्तू मोडली की तिचे द्रव्य परत भांडारात जावे आणि त्यातूनच नवे खनिज, नवे पशू निर्माण व्हावेत, असे हे चक्र होते. कागदावर योजना निर्दोष होती. पण मनुष्यस्वभाव आडवा आला! लोकांनी वस्तू वापरून मोडण्याऐवजी साठवून ठेवावयास सुरुवात केली. घरेच्या घरे सदऱ्यांनी, तलवारींनी, लगडींनी भरली. भांडारात परत काही येईना, तेव्हा नवे काही निर्माण होईना. साठेबाजीने आपल्या बाजारात जे होते, तेच त्या मायावी राज्यात झाले. अखेर ती योजना सोडून द्यावी लागली. नळातून पाणी येत राहावे आणि मोरीतून वाहून जावे, तसे द्रव्य एकीकडून येऊ द्यावयाचे आणि दुसरीकडे खर्ची पाडावयाचे, अशी व्यवस्था झाली. खणलेली जागा काही काळाने पुन्हा खनिजाने भरू लागली. न संपणारी खाण जन्मली ती अशी, नाइलाजातून!

त्या जगात खाणकऱ्याचे जिणे मात्र सुखाचे नव्हते. खनिजाच्या ओझ्याने मंदावलेला हा प्राणी दरोडेखोरांना आयताच सापडे, आणि दरोडेखोर म्हणजे दुसरे खेळाडूच. पुढे 2000 साली त्या जगाचे एक जुळे जग निर्माण करण्यात आले. तेथे इच्छेविरुद्ध कोणावर हल्ला करता येत नसे.

खाणीचा इतिहास पुढे गेला तो मोठ्या कंपन्यांमुळे नव्हे, तर एकट्यादुकट्या माणसांमुळे. टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी 2006 साली 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा खेळ लोकांपुढे ठेवला. टार्न हा गणितातला डॉक्टर. या खेळात चित्रे जवळजवळ नव्हतीच. पडद्यावर नुसती अक्षरे आणि चिन्हे. परंतु त्या चिन्हांखाली खरे भूगर्भशास्त्र होते! गाळाचा खडक वेगळा, अग्निजन्य खडक वेगळा, आणि कोणत्या थरात कोणते खनिज मिळेल याला नियम. बुटक्यांच्या टोळीने डोंगर पोखरून किल्ला वसवावयाचा, आणि लोभाने फार खोल गेल्यास पाताळातील राक्षस मोकळे व्हावयाचे, अशी त्याची रीत. लोभाची शिक्षा खाणीतच ठेवणारा हा खेळ 2012 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहासाठी निवडला.

2009 साली झॅकरी बार्थ याने 'इन्फिनिमायनर' हा खेळ काढला. दोन पक्षांनी चौकोनी ठोकळ्यांच्या जमिनीतून मौल्यवान धातू शोधावयाचा आणि वर आणून गुण मिळवावयाचे, ही स्पर्धा. गंमत अशी, की खेळणाऱ्यांनी स्पर्धा बाजूला ठेवली आणि ते त्या ठोकळ्यांची घरे बांधीत बसले. खेळाची आज्ञावली बाहेर फुटल्यामुळे बार्थने महिन्याभरातच पुढील काम थांबविले. पण ठिणगी पडली होती. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन याने तो खेळ पाहिला, आणि 17 मे 2009 रोजी स्वतःच्या खेळाचे पहिले रूप प्रसिद्ध केले. तोच 'माइनक्राफ्ट'. 18 नोव्हेंबर 2011 रोजी तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला. 2014 साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. आणि 2023 सालापर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

या खेळातील पृथ्वी एका संख्येतून उगवते. त्या संख्येला 'बीज' म्हणतात. बीज तेच असेल तर डोंगर तेच, नद्या त्याच, आणि खडकाच्या पोटातील हिरेही त्याच ठिकाणी. 'खाण तशी माती' ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरते! मध्यापासून प्रत्येक दिशेस सुमारे 3 कोटी ठोकळे जाता येते. पण खेळाडू जवळ पोहोचेपर्यंत तेथील डोंगर घडविलाच जात नाही.

या पृथ्वीवर मनुष्याचा सारा हत्यारांचा इतिहास पुन्हा पायरीपायरीने चढावा लागतो. प्रथम हाताने झाड तोडावयाचे. तीन फळ्या आणि दोन काठ्या यांचा लाकडी टिकाव होतो. त्याने दगड निघतो. दगडी टिकावाने लोखंड निघते. लोखंडी टिकावाने हिरा. कोणतीही पायरी गाळता येत नाही. लाकडी टिकाव 59 घावांत मोडतो, दगडी 131, लोखंडी 250, तर हिऱ्याचा 1561 घाव टिकतो. आणि सोन्याचा? तो खणतो सर्वांत जलद, पण 32 घावांतच संपतो आणि त्याने साधे लोखंडही काढता येत नाही. सोने मिरवण्याचे, राबण्याचे नव्हे, हा धडा मुलांना येथे कोणी न सांगता मिळतो.

खणणाऱ्यांनी आपले शास्त्रही तयार केले. पायाखाली सरळ खणू नये, कारण खाली लाव्हा असू शकतो. जाताना मशाली उजव्या भिंतीला लावाव्या, म्हणजे परतताना त्या डावीकडे दिसतात व वाट चुकत नाही. समांतर बोगदे काढताना मध्ये दोन ठोकळ्यांची भिंत ठेवावी, म्हणजे कमीत कमी श्रमात एकही ठोकळा नजरेतून सुटत नाही. आणि हिऱ्यांसाठी अकराव्या पातळीवर जावे. कारण हिरे सोळाव्या पातळीखालीच असत आणि लाव्ह्याची तळी दहाव्या पातळीपर्यंत भरलेली असत. हे ज्ञान मोठा भाऊ धाकट्याला देई.

30 नोव्हेंबर 2021 रोजी खेळाची नवी आवृत्ती आली आणि हे पिढीजात ज्ञान एका दिवसात जुने झाले. जेथे जग संपते असे सर्वजण मानीत, त्या तळाखाली आणखी 64 थर उघडले. तेथला खडक अधिक कठीण, गुहा विशाल, आणि हिरे जितके खोल जावे तितके अधिक. अकरा हा आकडा गेला. उणे एकोणसाठच्या आसपास जावे, असे नवे शास्त्र झाले. जुन्या जगांच्या तळाखालीही ही नवी भूमी आली. वर्षानुवर्षे ज्यांनी आपल्या घराखालची जमीन पोखरून संपविली होती, त्यांनाही पुन्हा मशाली घेऊन खाली उतरावे लागले.

याच खेळात सर्व वस्तू फुकट मिळण्याची सोयही आहे. दगड पारदर्शक करून आतले हिरे पाहण्याच्या लबाड युक्त्याही निघाल्या, आणि त्या हाणून पाडण्यासाठी काही चालकांनी खडकात खोट्या खनिजांचा भास घडविला. हिरा चित्रातला, तरीही त्याच्या चोरीवर एवढी चिडचिड का? कारण हिऱ्यामागचे दोन तास खरे होते. अंधारातली भीती खरी होती. फुकट मिळालेल्या हिऱ्यासाठी घरात आरोळी उठत नाही.

म्हणून मूल खणत बसले तर केवळ वेळ वाया गेला असे म्हणू नये. श्रम, क्रम आणि धीर यांचे शिक्षण त्या खाणीत मिळते. एकच गोष्ट ती खाण शिकवीत नाही: संपणे. अल्टिमाच्या रचनाकारांनी ती शिकवू पाहिली आणि हात टेकले. ड्वार्फ फोर्ट्रेसने राक्षसांचे भय घातले. माइनक्राफ्टने पृथ्वीच अफाट केली. कोलारची कथा मुलाला त्या पडद्यावर भेटणार नाही. ती फराळाच्या ताटाभोवती वडीलधाऱ्यांनीच सांगावयाची आहे. मात्र त्याआधी त्याने कोणत्या पातळीवर हिरा शोधला, हे त्याला अवश्य विचारावे. तो आनंदाने सांगेल.