जमिनीवरील विमान : जुहूच्या आरंभकालातील एक दुर्लक्षित बाजू

मुंबईच्या विमानविद्येचा इतिहास सांगताना १५ ऑक्टोबर १९३२ ह्या दिवसाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले आणि नेव्हिल विन्सेंट ह्यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला नेले. तथापि ह्या इतिहासात आकाशातील पराक्रमाला जे स्थान लाभले, ते जमिनीवरील जोखमीला लाभलेले नाही. विमान सुरू करणे, हलविणे व थांबविणे ह्या क्रियांतील अपघातांचाच विचार येथे करावयाचा आहे.

जुहूचे मैदान १९२८ साली विमानांसाठी वापरात आले. ते सखल व दलदलीचे असल्याने पावसाळ्यात निरुपयोगी होई, आणि टाटांची टपालसेवा त्या काळात पुण्यास हलवावी लागे. म्हणजे वैमानिकापुढील पहिला प्रश्न आकाशाचा नसून भूमीचा होता.

दुसरा प्रश्न विमानाच्या घडणीचा. मॉथ कुळातील टायगर मॉथ हे १९३१ सालचे दुपंखी विमान उदाहरणादाखल घेऊ. त्याचे रिकामे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम. मूळ घडणीत चाकांना ब्रेक नाहीत आणि शेपटीखाली चाकाऐवजी स्किड. उभे असता नाक वर राहत असल्याने मागील आसनावरील वैमानिकास समोरचे दिसत नाही. म्हणून त्याला नागमोडी चालीने जावे लागते. वारा जोराचा असल्यास पंखांची टोके माणसांनी धरून चालावे लागते. शिवाय गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे विमान किंचित वळले, तरी मागील भार ते वळण वाढवीतच नेतो आणि विमान गरकन फिरून पंखाचे टोक जमिनीस घासते. ह्यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्यात हानी होते ती बहुधा विमानाची.

प्रॉपेलर हाताने फिरविताना मात्र हानी माणसाची होते. मॅग्नेटोची भूतार तुटलेली असल्यास स्विच बंद असूनही इंजिन पेट घेऊ शकते. थ्रॉटल अधिक उघडे असून चाकांपुढे ठोकळे नसल्यास विमान फिरविणाऱ्यावरच चालून येते. म्हणून प्रत्येक प्रॉपेलर जिवंत आहे असे मानावे, हा ह्या विद्येचा पहिला नियम ठरला. बाहेरच्याने ‘स्विच ऑफ’ म्हणावे, आतल्याने तपासून तेच शब्द उच्चारावेत; मग ‘कॉन्टॅक्ट’ म्हटल्यावर तसाच प्रतिसाद द्यावा, अशी रीत पडली.

ह्या रीतीचे महत्त्व मुंबईच्याच दुसऱ्या यंत्रसृष्टीशी तुलना केल्यास स्पष्ट होते. चिंचपोकळी-लालबागच्या कापडगिरण्यांतही माणसाचा हात फिरत्या चक्राजवळ असे. १८८१ च्या कारखाने कायद्याने धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालण्याचे व अपघात कळविण्याचे बंधन मालकांवर घातले. त्या कायद्याची व्याप्ती मर्यादित होती, हे खरे. पण सुरक्षिततेचे तत्त्व यंत्राशी बांधले गेले. हाताने फिरवावयाच्या प्रॉपेलरला असे कुंपण घालणे शक्यच नव्हते. तेथे कुंपण होते ते शब्दांचे, आणि ते दोन माणसांच्या परस्परविश्वासावर उभे होते.

ह्या दोघांची स्थिती मात्र समान नव्हती. आत बसलेल्याने स्विच न पाहताच ‘ऑफ’ म्हटले, तर चूक त्याची आणि प्रायश्चित्त बाहेरच्याच्या हाताला. उड्डाणाचा परवाना आतल्याच्या नावे निघे व इतिहासातही त्याचेच नाव राही. ठोकळे लावणारा, पंख धरून चालणारा, प्रॉपेलर फिरविणारा बहुधा निनावीच राहिला. विद्युत्‌चलित स्टार्टर व पुढे चाक असलेली विमाने रूढ झाल्यावर हे धोके पुष्कळ कमी झाले. परंतु जुन्या घडणीची विमाने जेथे आजही हाताने सुरू केली जातात, तेथे तीच प्रश्नोत्तरे चालतात. गिरणीच्या इतिहासात कामगाराला जे स्थान आपण देतो, ते विमानतळाच्या इतिहासात ह्या माणसांना दिल्यावाचून मुंबईच्या विमानविद्येचा वृत्तान्त पूर्ण होणार नाही.