काच, पाणी आणि ऐंशी हमाल

लडाखला किंवा ताडोब्याला केवळ फोटो काढण्यासाठी जाणारी मंडळी आता आपल्या ओळखीत निघतात. ती महिनाभर आधी बेत आखतात. उजेड कधी चांगला, पाणवठा कुठे, गाडी कुठवर जाते, याची टाचणं काढतात. मला या टाचणांचं कौतुक आहे. त्यातल्याच एका फार जुन्या बेताबद्दल आज बोलायचं आहे.

सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या बँकेतला कारकून. नोकरी सोडून तो १८६३ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि शिमल्याला पोचला. हिमालयाची छायाचित्रं काढायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला तो तीसेक हमाल घेऊन सतलजच्या खोऱ्यात निघाला आणि ऑक्टोबरात १४७ काचा घेऊन परतला.

काचा म्हणजे काय, ते सांगायला हवं. तेव्हा फिल्म नव्हती. बारा इंच बाय दहा इंचांची काच घ्यायची, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं, मग ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचं आणि वाळण्याआधी अंधारात धुऊन काढायची. हाती वेळ दहा-पंधरा मिनिटांचा, डोंगरातल्या कोरड्या वाऱ्यात त्याहूनही कमी. म्हणजे छायाचित्रकाराने आपली अंधारखोली बरोबर न्यायची. बोर्नचा तंबू छत्रीसारखा उघडत-मिटत असे. काचा, रसायनांच्या बाटल्या, कॅमेरे, तिवई हे सगळं माणसाच्या पाठीवर. वर स्वच्छ पाणी हवं. देखावा कितीही सुंदर असो, जवळ पाणी नसेल तर त्याचा उपयोग नाही! आणि एवढं करून ढग उतरले, तर तळ ठोकून वाट पाहत बसायचं.

१८६४ मध्ये तो काश्मीरला गेला. नऊ महिने, बेचाळीस हमाल, सुमारे पाचशे काचा. या बेचाळिसांपैकी निम्म्यांच्या पाठीवर साहेबांचं घरगुती सामान होतं. त्यात ब्रँडीही होती. तिसरी सफर १८६६ ची. सोबतीला डॉ. प्लेफेअर आणि हमाल ऐंशी. कुलू, लाहौल, स्पीती करत बोर्न मणिरंग खिंडीत चढला. तिची उंची अठरा हजार सहाशे फूट, आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून जास्त. त्या थंडीत त्याने ओल्या काचेवर चित्रं घेतली. इतक्या उंचीवर पुढची वीसेक वर्षं कुणी छायाचित्र घेतलं नव्हतं, असं मानतात. मग गंगोत्री आणि गोमुख. भागीरथीच्या उगमाची जी अगदी पहिली छायाचित्रं आहेत, त्यांत बोर्नची येतात.

तुम्ही विचाराल, एवढ्या भटकंतीत अस्वल नाही, कस्तुरीमृग नाही? नाही. ओल्या काचेला कित्येक सेकंदांचा उजेड लागे. डोंगर तेवढा वेळ उभा राहतो, जनावर कशाला राहील? त्यासाठी थांबावं लागलं १९२० च्या दशकापर्यंत. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की झगझगाट व्हायचा आणि त्याचं चित्र त्यानेच काढलेलं असायचं. ऑक्टोबर १९२५ मध्ये त्यांचा वाघ ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या पहिल्या पानावर झळकला.

पण मला बोर्नच्या हमालांकडे परत यायचं आहे. आपल्या सफरींची हकीकत तो एका इंग्रजी छायाचित्रण-पत्रात लिहीत असे. पहिल्याच सफरीत काही हमाल सामान वाटेवर टाकून पळाले. हा जाडजूड काठी घेऊन गावात शिरला, लपलेल्यांना शोधलं आणि बदडून पुन्हा ओझ्याखाली आणलं. हे त्याने स्वतः, काहीशा फुशारकीने, छापून दिलं आहे. माणसं का पळाली असतील? पहाडी संस्थानांत तेव्हा बेगार होती. अंमलदार आला, साहेब आला, की गावाने माणसं पुरवायची. मजुरी मिळे, कधी नावापुरती. नाही म्हणायची सोय मात्र नव्हती. शेतात पीक उभं असलं, तरी निघावं लागे.

बोर्नची चित्रं मी छापील पुस्तकांत पुष्कळदा पाहिली आहेत. देवदारांची रांग, खाली नदी, मागे बर्फ. तोलून-मापून घेतलेली, निवांत चित्रं. त्यांना मी आजही उत्तमच म्हणेन. कुठे कड्याशी एखादा माणूस उभा असतो, तो बहुधा कड्याची उंची कळावी म्हणून. ऐंशी जणांचा तांडा मात्र चौकटीबाहेर राहतो.

तिसऱ्या सफरीहून परतताना बोर्न नैनितालवरून आला होता. त्याच कुमाऊंत बागेश्वरला, जानेवारी १९२१ मध्ये, उत्तरायणीच्या जत्रेला हजारो पहाडी माणसं जमली. बद्रीदत्त पांडे पुढे होते. कुठल्या घरातून कोण ओझं उचलणार, याची नोंद असलेल्या वह्या गावोगावच्या मुखियांनी बरोबर आणल्या होत्या. त्या त्यांनी सरयूत फेकून दिल्या.