विंचवाचे बिऱ्हाड आणि बादशहाचे

फिरत्या निवाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. डेरा, राहुटी, पाल, तंबू, आणि या सर्वांना पुरून उरणारे ‘बिऱ्हाड’. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडी कीव असते. आम्ही एका जुन्या व्हॅनमध्ये राहण्याची सोय करवून घेऊ लागलो, तेव्हा त्या कीवेची जागा हेव्याने घेतली.

सुताराचा पहिला प्रश्न होता, ‘सोबत काय काय नेणार?’ साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन; म्हणून टाकी खाली, आसाजवळ. वर ठेवली तर घाटाच्या वळणावर गाडी कलते. रात्रीचा पलंग दिवसा बाक झाला पाहिजे. शेगडीपाशी हवा खेळली पाहिजे. पुस्तकांचे फडताळ आराखड्यातून तीनदा बाद झाले. घर चाकांवर चढवायचे म्हणजे घरातले काय घर नव्हे, हे ठरवायचे.

हा प्रश्न बादशहांनाही पडला असणार. त्यांनी तो वेगळ्या रीतीने सोडवला. काहीच वगळले नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने अकबराच्या छावणीचा हिशेब ‘आईन-ए-अकबरी’त दिला आहे : एका मुक्कामाच्या सरंजामासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे. तंबू उभारणारे फर्राश हजार, सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी मिळून पन्नास. १६६४-६५ साली औरंगजेबासोबत काश्मीरकडे निघालेला फ्रेंच प्रवासी बर्निए ‘पेशखान्या’चे वर्णन करतो. तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा असताना दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. पोहोचण्याआधीच घर तयार!

हेच घर १६८२ साली दख्खनेत उतरले. १६९५ ते १६९९ ते भीमाकाठी ब्रह्मपुरीस स्थिरावले. किल्ले घ्यायला निघताना मात्र बादशहाला कुटुंबकबिला व जड सामान तेथेच ठेवावे लागले. तरीही सह्याद्रीच्या पावसाने व चिखलाने छावणीचे हाल केले. १७०४ साली राजगड व तोरणा मोगलांकडे गेले. बादशहाची पाठ वळताच यांतले बरेचसे किल्ले मराठ्यांनी परत घेतले. त्यांत शंकराजी नारायण सचिवांचा वाटा मोठा होता.

व्हॅन तयार झाल्यावर आम्ही पहिला मुक्काम भोरजवळच्या आंबवड्यास केला. नागेश्वराचे देऊळ, संस्थानकाळातला झुलता पूल, आणि शंकराजींची समाधी. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ छावणीत वारला. उत्तरेत तो परतलाच नाही. मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज त्याच वर्षी स्वराज्यात आले. शंकराजींनी ताराबाईंशी निष्ठेची शपथ घेतलेली. इकडे शाहूंचे बोलावणे. शपथ मोडवेना, धन्याच्या वंशजावर शस्त्र धरवेना. त्यांनी आंबवड्यास जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते.

एकाच वर्षातले हे दोन मृत्यू. एकाने राजधानीच चाकांवर आणि हत्तींवर चढवली, पण घरी जाणे त्याला साधले नाही. दुसऱ्याचा मुलूख हाच होता, वाटा पायाखालच्या होत्या. तरी त्याला निघून जाता आले नाही, कारण शब्द उचलून दुसऱ्या मुक्कामी मांडता येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. फिरत्या घरांची संख्या वाढेल, वाढावीही. सुताराच्या प्रश्नाचे आमचे उत्तर मात्र आंबवड्यास अपुरे ठरले. काय नेणार, हे त्याने विचारले होते. काय नेता येत नाही, हे त्या रात्री पलंगाचा पुन्हा बाक करेपर्यंत आमच्या मनात घोळत राहिले.