पटकी, मीठ आणि साखर

श्रोतेहो, कैरीच्या फोडी मीठ चोळून तासभर ठेवल्या, की परातीत पाणी साचते. ते कोणी वरून ओतलेले नसते. मिठाने फोडीतून ओढून आणलेले असते. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे आजची हकीकत सोपी जाईल.

वाटूर काय किंवा मराठवाड्यातले दुसरे कोणते गाव काय, वाडवडिलांनी पटकीचे दिवस पाहिलेले. मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडीत. पोटात ठरत नाही म्हणून पुष्कळ घरी रोग्याचे पाणीही तोडीत, आणि माणूस मरे तो पाण्यावाचूनच! यात केवळ अडाण्यांनाच दोष देऊ नका. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते, असे मोठमोठे डॉक्टरही मानीत. मग तोंडाने काही देऊन उपयोग काय? 1960 च्या सुमारास रोग्यांच्या आतड्याचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा मखमलीसारखे ते अस्तर शाबूत दिसले. त्याच साली रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत मांडले, की ग्लुकोज आतड्यातून आत जाते ते मिठातल्या सोडियमचा हात धरून. त्यांच्यामागे पाणीही जाते.

1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी उसळली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांतून रोग्यांच्या नातलगांहातीच पाजविले. शेकडा तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चाराच्या आत आले.

तुम्ही म्हणाल, मग दाट केले तर गुण दुप्पट यावा! तिथेच घोटाळा आहे. रक्ताहून दाट पाणी आतड्यात गेले, की कैरीची गत होते: शरीरातलेच पाणी आतड्यात उतरते, जुलाब वाढतात. म्हणून 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेने आपले मिश्रणच पातळ केले. ग्लुकोज 20 ग्रॅमवरून साडेतेरावर आणि मीठ साडेतीनवरून 2.6 ग्रॅमवर आणले.

पोर जास्त पीत नाही म्हणून लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवणारी आई मायेनेच कालवते. पण त्या मिठाने तान्ह्याला झटकेही येऊ शकतात. बाटलीतल्या गोड सरबतांचीही तीच तऱ्हा. त्यांत साखर फार. गुरुजी, वर्गात हे माप मुलांकडून घोकून घ्या: उकळून गार केलेले लिटरभर पाणी, सपाट सहा लहान चमचे साखर, सपाट अर्धा लहान चमचा मीठ. पुडी असेल तर ती अख्खी, तिच्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यात.